हाताने उचलायचे अग्निशामक: निवड, जागा आणि वापर

दाराजवळच्या भिंतीवर लाल अग्निशामक टांगलेले असले की माणूस निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा रास्त आहे की फसवा, हे तीन गोष्टींवर ठरते: त्या सिलिंडरमध्ये नेमके काय भरले आहे, वेळ आली तेव्हा तो हाताशी येतो का, आणि तो उचलणाऱ्याला विझवण्याचा नाद कधी सोडायचा हे कळते का. रोजच्या बोलण्यात आपण ज्याला फायर एक्स्टिंग्विशर म्हणतो, त्या 1 ते 2 किलो पावडरच्या अग्निशामकाचा खटका पूर्ण दाबून धरला, तर ते साधारण 8 ते 10 सेकंदांत रिकामे होते, आणि 4 ते 6 किलोचे 13 ते 20 सेकंदांच्या आसपास. या साधनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही याच आकड्यांत आहेत. कचऱ्याच्या डब्याएवढी, खुर्चीच्या गादीएवढी, नुकती पेटलेली आग त्याने विझते; पडद्यावरून चढत छताला भिडलेली आग विझत नाही, आणि ती विझवू पाहणारा माणूस मात्र धुरात सापडतो. म्हणून निवडीचा विचार करतानाही ‘मोठ्यात मोठे कोणते’ असे न विचारता ‘या जागी पहिल्या मिनिटात काय पेटेल’ असे विचारावे.

आगीचे वर्ग आणि अक्षरांचा घोळ

आगीला जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू लागतो, हे शाळेत शिकवले जाते. त्यात चौथी गोष्ट जोडली पाहिजे: ज्वालेत अखंड चालू असलेली रासायनिक साखळी. पाणी उष्णता काढून घेते, कार्बन डायऑक्साइड प्राणवायूला बाजूला सारतो, फोम इंधनावर पांघरूण घालतो, आणि पावडर मुख्यतः ती साखळी तोडते. कोणता पदार्थ कोणत्या आगीवर चालतो आणि कुठे घात करतो, हे यातूनच समजते.

लाकूड, कागद, कापड, गादी आणि बरेचसे प्लास्टिक यांची आग ‘ए’ वर्गात येते. ती जळून निखारा मागे ठेवते, म्हणून तिला थंड करावेच लागते. पेट्रोल, रॉकेल, थिनर, रंग अशा द्रवांची आग ‘बी’ वर्गात येते. इथपर्यंत जगभर एकमत आहे, पण पुढे अक्षरे बदलतात. युरोपात आणि इतर अनेक देशांत ‘सी’ म्हणजे वायूची आग आणि ‘एफ’ म्हणजे तळणीच्या तेलाची आग. अमेरिकी पद्धतीत मात्र ‘सी’ म्हणजे वीजप्रवाह चालू असलेल्या उपकरणाची आग, ‘के’ म्हणजे तळणीच्या तेलाची, आणि वायू ‘बी’मध्येच धरला जातो. मॅग्नेशियम, सोडियम यांसारख्या धातूंच्या आगीसाठी ‘डी’ हे अक्षर दोन्हीकडे आहे. सिलिंडरवर ‘एबीसी’ असे छापलेले पाहून तो विजेवर चालेल की वायूवर, असा प्रश्न पडला तर अक्षरावर न थांबता शेजारची चित्रे आणि त्याखालच्या सूचना वाचाव्यात. विजेच्या उपकरणावर किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून मारता येते, हेही तिथेच दिलेले असते.

आत काय भरलेले असते

पाण्याचे अग्निशामक सहसा 9 लिटरचे असते आणि फक्त ‘ए’ वर्गासाठी असते. त्या वर्गात त्याची बरोबरी करणारे दुसरे फारसे काही नाही, कारण पाणी निखाऱ्याच्या आतपर्यंत मुरते आणि आग पुन्हा उचल खात नाही. मात्र पेटत्या तेलावर, पेटत्या पेट्रोलवर आणि चालू विजेवर साधी पाण्याची धार मारू नये.

फोमचे अग्निशामक ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्हींवर चालते. द्रवाच्या पृष्ठभागावर फेसाचा थर पसरतो आणि वाफा वर येणे थांबते. त्यासाठी फोम थेट द्रवात न मारता पलीकडच्या कडेवर मारून वरून ओघळू द्यावा लागतो. जुन्या फोममध्ये पर्यावरणात वर्षानुवर्षे विघटन न होणारी फ्लोरिनयुक्त रसायने असतात. ती बऱ्याच देशांत टप्प्याटप्प्याने बंद केली जात आहेत, तेव्हा नवीन घेताना फ्लोरिनविरहित फोम मागावा आणि जुना फोम कधीही गटारात ओतू नये.

एबीसी पावडर हा सर्वांत जास्त खपणारा प्रकार आहे. त्यातला मुख्य घटक मोनोअमोनियम फॉस्फेट हा असतो. तो ज्वाला मोडतो आणि तापलेल्या पृष्ठभागावर वितळून चिकट थर धरतो, त्यामुळे लाकूड-कापडालाही थोडाफार उपयोग होतो. बीसी पावडरमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असते आणि ती निखाऱ्याच्या आगीसाठी नसते. पावडर अनेक ठिकाणी चालते, म्हणूनच लोक डोळे मिटून तीच घेतात. पण तिची दोन वैगुण्ये आधी माहीत असली पाहिजेत. बंद खोलीत ती मारली की दुसऱ्याच क्षणी समोरचे दिसेनासे होते आणि खोकल्याने जीव घुसमटतो, त्यामुळे दार कुठे आहे हे आधीच ठरलेले नसेल तर माणूस गोंधळतो. दुसरे म्हणजे ती गंजवणारी असते. संगणक, यंत्रे, विजेच्या पट्ट्या यांच्या फटीत शिरलेली पावडर दमटपणा धरते आणि आगीतून वाचलेली वस्तू पुढच्या काही आठवड्यांत निकामी होऊ शकते.

कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक काळ्या रुंद भोंग्यावरून लगेच ओळखू येते. त्याला प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची तबकडी, नसते. आतला वायू द्रवरूपात असतो, 20 अंश सेल्सिअसला त्याचा दाब साधारण 57 बार असतो, आणि थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणून ते भरलेले आहे की नाही हे वजनावरूनच कळते. विजेच्या पॅनेलला, सर्व्हरला, प्रयोगशाळेतल्या उपकरणांना ते उत्तम, कारण मागे काहीच उरत नाही. मात्र बाहेर पडताना त्याचा शुष्क बर्फ होतो, त्याचे तापमान उणे 78 अंशांच्या आसपास असते, आणि ज्या भोंग्याला वेगळी मूठ नाही तो उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. अरुंद, बंद जागेत तोच वायू श्वासातला प्राणवायू हटवतो. वारा असलेल्या उघड्या जागेत तो उडून जातो, आणि तो निखारा थंड करत नसल्यामुळे विझलेले लाकूड मिनिटाभराने पुन्हा धुमसू लागते.

तळणीच्या तेलासाठी वेट केमिकल नावाचे अग्निशामक असते. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचे द्रावण असते, जे लांब दांडीतून मऊ फवाऱ्याच्या रूपाने येते आणि तापलेल्या तेलाशी मिळून साबणासारखा थर तयार करते. तो थर वाफ कोंडतो आणि तेल थंडही करतो. या क्षारांशी अग्निशामकाचे नाते फार जुने आहे. 1818 साली जॉर्ज विल्यम मॅन्बी यांनी इंग्लंडमध्ये तांब्याचे पहिले हातात नेण्याजोगे दाबाचे अग्निशामक बनवले, त्यातही पोटॅशियम कार्बोनेटचेच द्रावण होते.

संग्रहालये, विमाने, नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी ‘क्लीन एजंट’ म्हणवले जाणारे वायू वापरतात. पूर्वी या कामासाठी हॅलॉन नावाचा वायू असे. ओझोनच्या थराला त्याने होणाऱ्या हानीमुळे 1987च्या मॉन्ट्रियल कराराखाली त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. जुन्या माळ्यावर हॅलॉनचे सिलिंडर किंवा त्याहून जुनी, कार्बन टेट्राक्लोराइड भरलेली पितळी उपकरणे सापडली तर ती वापरू नयेत, उघडूही नयेत. कार्बन टेट्राक्लोराइड आगीत फॉस्जीन हा अतिशय विषारी वायू देते. अशी वस्तू अग्निशमन दलाला विचारून योग्य त्या ठिकाणी जमा करावी. धातूंच्या आगीसाठी वेगळी कोरडी पावडर लागते, आणि असे धातू जिथे हाताळले जातात तिथल्या लोकांना तिचे स्वतंत्र प्रशिक्षण असलेच पाहिजे.

पेटलेली कढई, गळता गॅस, फुगलेली बॅटरी

या तिन्ही ठिकाणी माणसाची पहिली ऊर्मी चुकीची असते, म्हणून त्यांच्याकडे सावकाश पाहू.

कढईतल्या तेलाने पेट घेतला की हात आपसूक पाण्याच्या भांड्याकडे जातो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते. तिथे तापमान 300 अंशांच्या वर असते, त्यामुळे पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा मागते. ती वर उसळताना जळत्या तेलाचे थेंब न् थेंब हवेत फेकते, आणि भांड्यापुरती असलेली आग छतापर्यंत उभी राहते. एक वाटीभर पाणीही यासाठी पुरते. कार्बन डायऑक्साइडचा किंवा पावडरचा जोराचा झोतही तेल भांड्याबाहेर उडवू शकतो, आणि ज्वाला विझली तरी तेल अजून स्वतःहून पेटण्याइतके तापलेले असल्यामुळे पुन्हा भडकते. योग्य मार्ग साधा आहे: हाताला झळ लागत नसेल तर खालची शेगडी बंद करावी, भांडे जागचे मुळीच हलवू नये, आणि घट्ट बसणारे धातूचे झाकण किंवा अग्निरोधक ब्लँकेट आपल्याकडच्या बाजूने पलीकडे सरकवत वर ठेवावे. त्यानंतर ते उघडून पाहण्याचा मोह आवरावा. तेल पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा तास, झाकण तसेच राहू द्यावे. लोक चुकतात ते नेमके इथे. धूर थांबला म्हणून झाकण उचलतात आणि हवा मिळताच तेल त्यांच्या चेहऱ्यासमोर पेटते.

गॅसच्या सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत असेल तर ती विझवणे हे पहिले काम नाही; गॅस बंद करणे हे पहिले काम आहे. व्हॉल्व्हपर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर तो बंद करावा, ज्योत आपोआप जाते. गॅस चालू ठेवून फक्त ज्योत मारली तर न जळलेला वायू खोलीत साठतो आणि कुठल्याही ठिणगीने एकदम स्फोट होतो. व्हॉल्व्ह गाठता येत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे, आणि बाहेर पडताना विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये.

लिथियम-आयन बॅटरीची आग नवी आहे आणि तिच्याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. आतला एक सेल तापून बिघडला की तो शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी बाहेरच्या प्राणवायूवर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड मारून ज्वाला क्षणभर दबते, पण आतली उष्णता तशीच राहते आणि काही वेळाने सेल पुन्हा पेटतात. मोबाइलएवढी लहान बॅटरी असेल, चार्जर भिंतीतून काढता आला असेल आणि वाट मोकळी असेल, तर भरपूर पाण्याने ती आणि आजूबाजूचे सामान थंड करत राहणे हा उपाय चालतो. दुचाकीत असते तेवढी मोठी बॅटरी बंद खोलीत धूर सोडू लागली, तर अग्निशामक शोधू नये. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. खोली रिकामी करावी, दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलाला बोलावताना ‘बॅटरी पेटली आहे’ हे स्पष्ट सांगावे. अशी बॅटरी बाहेर जायच्या एकमेव वाटेवर रात्रभर चार्जिंगला लावू नये, ही सूचना मला कोणत्याही अग्निशामकापेक्षा मोलाची वाटते.

कोणते आणि केवढे घ्यावे

घरासाठी माझे मत स्पष्ट आहे: दाराजवळ 2 किलोच्या आसपासचे एबीसी पावडरचे अग्निशामक आणि स्वयंपाकघरात हाताशी अग्निरोधक ब्लँकेट. पावडरच्या पसाऱ्याची फार धास्ती असेल तर फोमचा किंवा पाण्याच्या सूक्ष्म तुषारांचा प्रकार पाहावा. त्यावर विजेच्या चाचणीची खूण आहे ना, तेवढे तपासावे. जिथे विजेची उपकरणे जास्त आहेत तिथे कार्बन डायऑक्साइडचा एक वेगळा सिलिंडर जोडीला असावा.

आकार ठरवताना पदार्थाचे वजन आणि सिलिंडरचे एकूण वजन यांत गल्लत करू नये. 6 किलो पावडरचे अग्निशामक प्रत्यक्षात 9 ते 10 किलोंचे भरते. घरातल्या किंवा कार्यालयातल्या सर्वांत अशक्त पण धडधाकट व्यक्तीला ते खुंटीवरून काढून चार पावले नेता आले पाहिजे, ही कसोटी दुकानातच लावावी. उचलून पाहायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

क्षमतेचे आकडे वजनापेक्षा जास्त सांगतात. युरोपीय पद्धतीत ‘13ए’ म्हणजे ठरावीक रचनेची, 1.3 मीटर लांबीची लाकडाची चळत विझवण्याची क्षमता, आणि ‘55बी’ म्हणजे 55 लिटर द्रवाची चाचणीची आग. अमेरिकी आकडे वेगळ्या मोजणीचे असतात, म्हणून दोन पद्धतींची तुलना करू नये. एकाच पद्धतीतले दोन सिलिंडर मात्र यावरून बिनधास्त ताडून पाहता येतात. सारख्याच वजनाच्या दोन सिलिंडरांपैकी ज्याचा आकडा मोठा, त्यातला माल आणि रचना सरस. याखेरीज मान्य प्रमाणकाची खूण, उत्पादनाचे वर्ष, पुन्हा भरता येतो की नाही याची नोंद आणि शक्यतो धातूची मूठ व झडप, एवढे पाहून घ्यावे.

कुठे टांगावे

अग्निशामक बाहेर पडण्याच्या वाटेवर असावे, आगीच्या पलीकडे नव्हे. शेगडीच्या शेजारी, विजेच्या पॅनेलच्या खाली, तळघराच्या शेवटच्या कोपऱ्यात लावलेले अग्निशामक गरजेच्या क्षणी ज्वालांच्या मागे जाते. दाराजवळ ठेवले की ते घ्यायला जाताना माणूस आपोआप सुटकेच्या वाटेवर येतो आणि परत वळायचे की नाही हा निर्णय मोकळ्या हवेत घेतो. मूठ जमिनीपासून साधारण 1 ते 1.5 मीटरवर असावी, जड सिलिंडर थोडा खाली. बूड जमिनीला टेकलेले नसावे, कारण ओलाव्याने तेच आधी गंजते. कपाटात, पडद्यामागे, खोक्यांच्या आड ठेवलेले अग्निशामक असून नसल्यासारखेच असते. वाहनात ते ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवावे, नाहीतर जोरात ब्रेक लागल्यावर तोच धातूचा गोळा अंगावर येतो.

महिन्याची तपासणी

एका इमारतीतले अग्निशामक तपासताना मला एकदा असे आढळले की प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात होता, सील शाबूत होते, चिठ्ठीवर ताजी तारीख होती. पण नळीच्या तोंडात बोट घातले तर ते मातीला लागले. कुंभारीण माशीने नोझलमध्ये घर बांधले होते, वाळून ते विटेसारखे घट्ट झाले होते आणि पेचकसाने टोकरून काढावे लागले. चिठ्ठीवर सही करणाऱ्याने सिलिंडरकडे पाहिले असेल, पण त्याला हात लावला नव्हता. तेव्हापासून मी तपासणी नेहमी नोझलपासून सुरू करतो.

त्यानंतर काटा हिरव्यात आहे का ते पाहावे आणि काचेवर हलकेच टिचकी मारून तो अडकलेला नाही याची खात्री करावी. पिन जागेवर आहे, वाकलेली नाही, सील तुटलेले नाही, नळीला भेग नाही, तळाशी आणि सांध्यावर गंज नाही, हे पाहायला मिनिटभर पुरते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडावा. आतल्या वायूचे वजन 10 टक्क्यांहून अधिक घटले असेल तर तो भरून घ्यावा. ज्या प्रकारात दाबाचे छोटे काडतूस वेगळे असते, त्याची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

‘चालते का पाहू’ म्हणून पावडरच्या अग्निशामकाचा खटका कधीही दाबू नये. क्षणभराच्या फवाऱ्यानेही पावडरचे कण झडपेच्या बैठकीत अडकतात, झडप पुरती मिटत नाही आणि दाब काही दिवसांत निघून जातो. वर्षातून एकदा प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून देखभाल आणि प्रकारानुसार ठरावीक वर्षांनी सिलिंडरची पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घेणे आवश्यक आहे. त्याची मुदत देशोदेशीच्या नियमांत वेगवेगळी आहे आणि ती सिलिंडरच्या पट्टीवर नोंदलेली असते.

आग लागल्यावर

सर्वांत आधी ओरडून सगळ्यांना सावध करावे, माणसे बाहेर निघू लागतील असे पाहावे आणि कुणाला तरी नाव घेऊन अग्निशमन दलाला फोन करायला सांगावे. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटले की कुणीच करत नाही. हे झाल्याशिवाय अग्निशामकाला हात घालू नये. त्यानंतर स्वतःला विचारावे: आग एकाच वस्तूपुरती आहे का, ती काय जळते आहे हे मला माहीत आहे का, हातातला प्रकार तिच्यासाठी आहे का, धूर अजून डोक्याच्या बराच वर आहे का, आणि माझ्या पाठीमागे मोकळी वाट आहे का. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे असेल, तर दार ओढून बाहेर पडावे. बंद दार आगीला हवा मिळू देत नाही, आणि त्याने मिळणारी काही मिनिटे रिकाम्या अग्निशामकापेक्षा जास्त कामाची असतात. विजेचे उपकरण जळत असेल आणि मुख्य स्विच वाटेत असेल तर तो आधी बंद करावा.

वापराचे चार शब्द तोंडपाठ असावेत: ओढा, रोखा, दाबा, फिरवा. यातल्या पहिल्याच शब्दाशी सरावाच्या वेळी पुष्कळ लोक अडतात. घाबरलेला माणूस मूठ आणि खटका एकत्र करकचून आवळतो आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने पिन ओढू पाहतो. खटका दाबलेला असल्यामुळे पिन आतल्या आत अडकते आणि जितका जोर लावावा तितकी घट्ट बसते. म्हणून सिलिंडर जमिनीवर टेकवावा किंवा फक्त खालच्या मुठीने धरावा, खटक्यावरची बोटे मोकळी सोडावीत आणि पिन थोडी पिळून सरळ बाहेर ओढावी. प्लास्टिकचे सील या पिळण्याने तुटते.

मग पाठ दाराकडे ठेवून, उघड्यावर असल्यास वारा पाठीवर घेऊन, आगीपासून 2 ते 3 मीटरवर उभे राहावे. कार्बन डायऑक्साइडचा पल्ला कमी असतो, तिथे 1 ते 2 मीटरपर्यंत जावे लागते. नोझल ज्वालांच्या शेंड्यावर न रोखता बुडाशी, म्हणजे जळणाऱ्या वस्तूवर रोखावे. शेंड्यावर मारलेली पावडर ज्वालेतून आरपार जाते आणि खाली जळणे चालूच राहते. खटका दाबून झोत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आगीच्या रुंदीहून थोडा जास्त, सावकाश फिरवावा. जवळची कड विझली की अर्धे पाऊल पुढे आणि पुन्हा फिरवणे. सांडलेल्या द्रवावर फार जवळून मारू नये, झोताच्या जोराने ते पसरते.

निम्मा सिलिंडर संपेपर्यंत आग उघडपणे मागे हटली नसेल तर ती हटणार नाही, असे धरून चालावे. धूर छातीपर्यंत उतरला, उष्णतेने चेहरा वळवावा लागला, किंवा झोताचा आवाज फुसफुसत बारीक झाला, तर सिलिंडर तिथेच टाकून निघावे. जाताना दार ओढावे, लिफ्ट वापरू नये, धूर असेल तर वाकून चालावे.

माणसाच्या अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला असेल तर त्याला धावू देऊ नये. जमिनीवर आडवे करून लोळवावे, जाड सुती किंवा लोकरी पांघरुणात गुंडाळावे किंवा पाणी ओतावे. आग विझल्यावर भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. बर्फ किंवा मलम लावू नये.

विझल्यानंतर

आगीकडे पाठ न करता मागे सरकावे आणि काही मिनिटे दुरून पाहत राहावे, कारण गादीच्या आत, लाकडाच्या सांध्यात निखारा दडून असतो. आग विझली तरी अग्निशमन दलाला येऊ द्यावे. भिंतीच्या पोकळीतली उष्णता त्यांना तपासता येते, आपल्याला नाही. खिडक्या उघडून पावडर खाली बसू द्यावी. ती झाडताना नाक-तोंड झाकावे, कोरड्या कापडाने किंवा योग्य फिल्टरच्या व्हॅक्यूमने ती आधी गोळा करावी आणि मगच ओले फडके फिरवावे, कारण पाणी लागले की ती धातूला खाऊ लागते. शेगडीजवळची भांडी आणि ओटा धुतल्याशिवाय वापरू नये, उघडे राहिलेले अन्न टाकून द्यावे.

वापरलेले अग्निशामक, मग ते दोनच सेकंद दाबलेले असो, परत खुंटीवर टांगू नये. टांगलेला सिलिंडर पाहणाऱ्याला भरलेला वाटतो. तो जमिनीवर आडवा ठेवावा, मुठीला ‘वापरलेले’ अशी चिठ्ठी बांधावी, त्याच दिवशी भरायला द्यावा आणि तो परत येईपर्यंत त्या खुंटीवर दुसरा आणून लावावा.